मडकं जागेवर, बाई फिरती

आमच्या गावात मडकं फिरत नाही, बाई फिरते. मडकं जमिनीवर ठेवायचं, कमरेत वाकायचं, हातात मातीची लांब वळी धरायची आणि मडक्याभोवती उलट्या पावलांनी चालत राहायचं. एक हात आत, एक बाहेर. वळीवर वळी चढते आणि भिंत उभी राहते. आम्हा ग्बागी लोकांची हीच रीत; माझ्या आईनं मला असं शिकवलं. मी माझ्या मुलीला, असाबेला, असंच शिकवलं. असाबे गेली तेव्हा तिची मुलगी हन्नातू चार वर्षांची होती. तिला मी वाढवलं.

हन्नातूचं लग्न ठरलं ते उन्हाळ्यात. तारीख धरली पुढच्या जानेवारीतली, धुळीचे वारे सुटतात तेव्हाची. आमच्याकडे नवरी सासरी जाते ती मडक्यांची उतरंड घेऊन. सगळ्यात खालचा, पाण्याचा मोठा रांजण आईच्या हातचा असतो. आई नसेल तर आजीच्या. बोलणी झाली त्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "रांजण मी करणार." कुणी विचारलंही नव्हतं. पण बोलले ते बोलले.

त्यानंतर वीस दिवसांनी माझी कंबर धरली.

पहाटे उठायला गेले आणि डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघाली. मांडीमागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं, थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. कुणीतरी तापलेली तार आत ओढावी तशी. पहिल्यांदा वाटलं, जाईल. चार दिवसांनी मला शिंकायची भीती वाटायला लागली.

माझी थोरली जाऊ तलातू शियाच्या बियांच्या तुपाचा गोळा घेऊन आली. तिचे हात मडकी घडवून घडवून दगडासारखे झालेत.

"उताणी हो," ती म्हणाली.

"अगं, पाठ दुखतेय, पोट नाही."

"मग पालथी हो. तोंड तरी मातीत जाईल, बडबड थांबेल." आणि तिनं असं काही रगडलं की शेजारची कुत्री उठून गेली. "लाराय, वय झालं की दुखतंच. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी रडते का?"

"तू रडत नाहीस, दुसऱ्याला रडवतेस."

महिनाभर तूप झालं, झाडपाल्याचा शेक झाला, बाजारातल्या माणसाच्या लाल गोळ्या झाल्या. गोळीनं दिवस निघायचा, कळ जायची नाही. शेवटी माझा मुलगा बुलुस मला मोटरसायकलवर मागे बसवून शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. रस्त्यातला एकेक खड्डा मला अजून आठवतो.

तिथं व्यायाम शिकवणारा एक तरुण होता, तेरुंग्वा. बेन्वे नदीकडचा, तिव लोकांतला. उंच आणि हसरा, आमच्या भागात नवा. त्यानं माझा पाय सरळ वर उचलला, मी ओरडले, तो म्हणाला, "कळलं, आई." मणक्यातली गादी सरकली असेल, नस दाबली जातेय, पण पायात जोर आहे, तेव्हा बहुतेक व्यायामानं बरं होईल. दहा जणांतले आठ-नऊ असेच बरे होतात.

"काम काय करता?"

"मडकी करते."

"म्हणजे बसून काम. अधूनमधून उठत जा, फिरत जा."

मला हसू आलं. मी दिवसभर फिरतेच की. पण शिकलेला माणूस बोलतोय, त्याला मध्येच काय सांगायचं? मला वाटलं, मडकी कशी करतात हे सगळ्या जगाला ठाऊक असतं.

त्यानं एक छापील कागद दिला. सहा चित्रं आणि खाली हौसा भाषेत सूचना. "कुणाकडून तरी वाचून घ्या," तो म्हणाला.

"मला वाचता येतं," मी म्हणाले. चर्चच्या बायकांच्या वर्गात मी त्रेपन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. सावकाश वाचते, पण एकही शब्द गाळत नाही.

घरी येऊन मी कागद तीनदा वाचला. वाकताना गुडघ्यात वाका. एका जागी फार वेळ बसू नका. पाठ टेकून झोपताना गुडघ्याखाली उशी घ्या. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: डोक्यावर ओझं घेऊ नका.

हे वाचून मी निश्चिंत झाले. आम्ही ग्बागी बायका डोक्यावर कधीच काही घेत नाही. डोकं शरीराचा मालक. मालकाच्या अंगावर कुणी पाटी ठेवतं का? पाणी असो, लाकडं असोत, माती असो, आम्ही खांद्यावर घेतो. उजव्या खांद्यावर, मान जरा डावीकडे कलती करून. बाजारात दुरून नुसती चाल बघून ओळखावं, ही ग्बागी बाई. म्हणजे कागदातला सगळ्यात मोठा नियम मी जन्मापासून पाळत आले होते.

व्यायाम मात्र मी मनापासून केले. सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी ज्वारीच्या पिठाचा घट्ट तुवो चुलीवर चढवायच्या आधी, अंगणात चटई टाकून. उताणं पडून पोट आत घ्यायचं, कंबर जमिनीला टेकवायची. एकेक गुडघा छातीशी. हातापायांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर, मग खाली. मग एक हात पुढे आणि उलट्या बाजूचा पाय मागे.

तलातू कुंपणावरून बघायची. "लाराय, मांजर झालीस, आता उंदीर धर."

"तू ये की इकडे."

"आणि शेपूट कुठाय? का दवाखान्यात ठेवून घेतलं?"

पोरं जमायची, हसायची. मी दहा पूर्ण केल्याशिवाय उठायची नाही. दीड महिन्यात कळ अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत मागे आली. शिंकले तरी मरत नव्हते. मला वाटलं, जिंकले. आता रांजणाची माती आणू.

मोठ्या रांजणाला गावाजवळची माती चालत नाही. ओढ्यापलीकडच्या खड्ड्यातली काळी चिकट माती लागते, आणि ती पावसाळा चढायच्या आत काढून मुरत ठेवावी लागते. अर्ध्या तासाची वाट. मी कागद आठवला. गुडघ्यात वाकून माती खणली, गुडघ्यात वाकून पाटी उचलली आणि उजव्या खांद्यावर ठेवली. दिवसाला दोन खेपा. तिसऱ्या दिवशी, सहाव्या खेपेला, ओढ्याच्या चढावर माझी डावी चप्पल दगडाला अडकली. मी पाय उचलला होता, असं मला वाटत होतं. पाय उचललाच गेला नव्हता. मी पडले, पाटी उलटली, माती ओढ्यात गेली.

नवल म्हणजे कळ कमी झाली होती. पण पाऊल लोंबत होतं. चालताना फटक फटक वाजायचं, ओल्या फडक्यासारखं. हन्नातू घाबरली. मीही घाबरले, पण तिला तुवो वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तेरुंग्वासमोर उभी राहिले. "आई, टाचांवर चालून दाखवा." उजवा पंजा वर आला. डावा नाही. त्याचं हसू गेलं.

"काही जड उचललंत?"

"कागदात लिहिलंय तसंच वागले. अक्षर न् अक्षर."

"ओझं?"

"डोक्यावर? छे! आम्ही कधीच घेत नाही."

"मग काय घेतलं?"

"मातीची पाटी."

"ती माती स्वतःच्या पायांनी चालत आली का?"

"खांद्यावर घेतली," मी म्हणाले.

त्यानं लेखणी खाली ठेवली. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "आई, तुम्ही मडकी कशी करता ते मला दाखवा."

कोपऱ्यात प्लास्टिकची बादली होती. ती मी मध्ये ठेवली. कमरेत वाकले, गुडघे ताठ, एक हात बादलीत, एक बाहेर, आणि उलट्या पावलांनी फिरायला लागले. दोन फेरे झाले, डावं पाऊल फरफटलं, मी बादलीसकट भिंतीवर गेले. त्यानं मला धरलं आणि स्वतःच खुर्चीत बसला.

"दिवसातून किती वेळ असं?"

"ऊन चढेपर्यंत. मग ऊन उतरल्यावर पुन्हा."

"किती वर्षं?"

"नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

त्यानं बादली उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "तो कागद डोक्यावर ओझं नेणाऱ्यांसाठी लिहिलाय. मीही तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी आहे."

"अर्धी माझी," मी म्हणाले. "मी सांगितलं नाही."

त्यानं मला राजधानीत, अबुजाला पाठवलं. तिथं बोगद्यासारख्या यंत्रात निजवलं, आत कुणी तरी पत्रे बडवल्यासारखा आवाज. मग डॉक्टर अडेबोला नावाच्या बाईंनी चित्र दाखवलं. बुटक्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या बाई. मणक्यांच्या मधली गादी फाटून बाहेर आली होती आणि पायाच्या नसेवर बसली होती. दोन ओल्या वळ्या जास्त दाबल्या की मधून माती बाहेर येते, तसंच दिसत होतं.

"पाठ नुसती दुखत असती तर मी चाकू हातात घेतला नसता," बाई म्हणाल्या. "पण पाऊल पडलंय. नस फार दिवस दाबून राहिली तर पाऊल कायमचं तसं राहील. बाहेर आलेला तुकडा मी काढून टाकते. पायाची कळ बहुतेक जाईल. पाऊल किती परत येईल ते आत्ता सांगत नाही, खोटं ठरेल. पाठ थोडी दुखत राहील."

"आणि धोका?"

त्यांनी धोकेही सांगितले. भूल, रक्त, जखम चिघळणं, नसेला इजा. एकही लपवला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

"मला जानेवारीच्या आधी एक रांजण करायचाय," मी म्हणाले. "जमेल?"

"वाकून नाही."

"मग कसा?"

"ते तुम्हीच शोधा. मला पाठ कळते, मडकं कळत नाही."

आठ दिवसांचा वेळ मागून मी घरी आले. गावात बातमी आधीच पोचली होती. तलातू दारातच बसलेली.

"पाठ कापून घेणार? पलीकडच्या गावचा सुतार आठव. कापून आला तो खाटेवरून उठलाच नाही."

"तो झाडावरून पडला होता, तलातू. मी झाडावर चढले नाही."

"हट्ट कुणासाठी एवढा? रांजण मी करते. तू नुसता काठावर अंगठा उमटव. कुणाला कळणार?"

"अंगठा द्यायचं मी बारा वर्षांपूर्वीच सोडलंय."

ती जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मेलीस तर?"

"मेले तर कर तू रांजण. पाय असाच राहिला तर मात्र मी रोज तुझ्या दारात फटक फटक करत येईन. ते चालेल?"

तिला हसू आलं, आणि डोळेही पुसावे लागले. माझा विचार तेव्हा पक्का झाला. भीती होतीच. पण पाऊल गेलं तर मडक्याभोवती फिरणं कायमचं गेलं, आणि त्या भीतीपुढे चाकूची भीती लहान होती.

इस्पितळात संमतीचा कागद दिला तो मी पूर्ण वाचला. नर्स दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा सही केली होती.

शुद्धीवर आले तेव्हा पाठीत आग होती, पण पायातली तार गेली होती. गेली म्हणजे गेलीच. पाऊल मात्र तसंच लोंबत. दुसऱ्या दिवशी नर्सनं उठायला शिकवलं: "ओंडका लोटावा तशी कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, हातानं रेटून उठा. कंबर पिळायची नाही." मी उठले आणि दारापर्यंत चालले.

सहा आठवडे वाकणं बंद, उचलणं बंद, चालणं रोज. पहिल्या आठवड्यात घरापासून शियाच्या झाडापर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग चर्चपर्यंत, पावसाच्या चिखलात, एका हातात काठी. पावलाला पट्टा बांधला होता. रोज बसून मी पंजा वर उचलायचा प्रयत्न करायची. पंजा ऐकत नव्हता. मी त्याला शिव्या दिल्या, लाडीगोडी लावली. सप्टेंबरमध्ये एका सकाळी अंगठा हलला. बोटभर नाही, नखभर. मी हन्नातूला हाक मारली. ती पळत आली आणि आम्ही दोघी त्या अंगठ्याकडे बघत बसलो.

काळी माती तलातूनं आणली. मी मागितली नव्हती. लहान लहान पाट्या, बारा दिवस. टाकताना म्हणाली, "तुझ्यासाठी नाही. हन्नातू माझीही नात आहे."

ऑक्टोबरमध्ये तेरुंग्वा सुटीच्या दिवशी स्वतः गावात आला. येताना फिरतं स्टूल घेऊन आला. मडकं त्यावर ठेवायचं, मी खुर्चीत बसायचं, मडकं फिरवायचं. माणूस इतक्या लांबून घेऊन आलाय म्हणून मी बसले. तीन वळ्या चढवल्या. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ. माझे हात चालणाऱ्या बाईचे आहेत. पाय थांबले की हातांना काही कळत नाही. मी ते मडकं हातानं चेपलं आणि मातीत परत टाकलं.

"आई, पण वाकायचं नाही," तो म्हणाला.

"नाही वाकणार. पण बसणारही नाही."

त्या वेळी अंगणाच्या टोकाला हन्नातू ज्वारी कांडत होती, उखळासमोर ताठ उभी. उखळाचा काठ तिच्या मांडीच्या वर. मी बघत राहिले. घरामागे आमचं जुनं उखळ पडलं होतं, तळाला चीर गेलेलं. मी बुलुसला म्हणाले, "ते आण. पालथं घाल. इथं, मधोमध." वर एक सपाट दगड ठेवला, त्यावर तळाचा साचा. मी उभी राहिले. मडकं माझ्या कमरेला आलं.

मग मी चालायला लागले. उलट्या पावलांनी, ताठ पाठीनं, एक हात आत, एक बाहेर. तेरुंग्वा बाजूनं माझी पाठ बघत होता. मध्ये एकदा त्यानं फक्त माझे खांदे मागे ओढले.

"मडकं आहे का नवरदेव?" तलातू कुंपणावरून ओरडली. "चौथऱ्यावर चढवून ठेवलंय!"

"नवरदेवच आहे. फेरे घालतेय मी."

अर्धा रांजण झाला तेव्हा काठ छातीशी आला. यापुढे हात वर करून जमणार नव्हतं. म्हणून दोन दिवस तो तसाच वाळू दिला. हाताला घट्ट लागला तेव्हा बुलुस आणि हन्नातूनं दगडासकट उचलून तो बाजूच्या बुटक्या ओट्यावर ठेवला. काठ पुन्हा माझ्या कमरेला. एका दमात पाव तास, मग विश्रांती, मग मांजर. पूर्वी जे एका दिवसात व्हायचं त्याला नऊ दिवस लागले. मडक्याभोवतीच्या धुळीत माझ्या पावलांचं कडं उमटायचं: उजवं पाऊल स्वच्छ, डाव्याची थोडी रेघ ओढलेली. दिवसागणिक ती रेघ आखूड होत गेली. पूर्ण गेली नाही. अजूनही नाही.

रांजणाच्या खांद्यावर मी सरडा कोरला, असाबे कोरायची तसा, शेपूट वळलेला.

भाजायच्या दिवशी लाकडं आणि गवत दुसऱ्यांनी रचलं. तापलेला लाल रांजण काढताना मी फक्त लांब काठी धरून उभ्यानं सांगत होते, इकडून, सांभाळून. शेंगांच्या सालींचा काढा शिंपडला, वाफ उठली आणि रंग काळपट तांबडा झाला. थंड झाल्यावर मी बोटांनी वाजवला. आवाज सलग होता, कुठं चीर नव्हती.

डिसेंबरात एका पहाटे मी चटईवर होते. तलातू आली. इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं.

"ते मांजराचं कसं करतात?"

"का? तुला काय झालंय?"

"मला काही झालं नाही. विचारलं आपलं."

मी चटईवर सरकले. ती हातापायांवर ओणवी झाली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून मला कळलं, ही बाई किती वर्षं रडली नव्हती.

लग्नाला पोरींनी उतरंड खांद्यांवर नेली. रांजण हातगाडीवर, गवतात बसवून. हे मी ठरवलं होतं. नवरदेवाचं गाव पाऊण तासावर. मी चालत गेले, काठी घेऊन.

हन्नातूची सासू स्वतः मडकी करणारी. तिनं रांजणाभोवती एक फेरी मारली, काठावरून अंगठा फिरवला, पोटावर बोटं वाजवली, सरडा बघितला. मग विचारलं, "कुणाच्या हातचा?"

सगळ्यांनी तलातूकडे बघितलं. आमच्याकडची मोठी कारागीर तीच.

"हिच्या," तलातू म्हणाली. "सगळे फेरे माझ्या डोळ्यांसमोर झालेत."

सासूनं माझ्या काठीकडे बघितलं, पावलाच्या पट्ट्याकडे बघितलं. "बसून केला?"

"उभ्यानं," मी म्हणाले.

 तिनं हन्नातूला हाक मारून रांजण घराच्या आत, उतरंडीच्या जागी ठेवायला सांगितला आणि त्यात पहिली घागर स्वतः ओतली. मग मला बसायला बाज पुढे केली.

"बाज नको," मी म्हणाले. "एक चटई द्या. संध्याकाळचं मांजर राहिलंय."